दोनशे कोटी

रबाळ्याच्या कंपनीत माझं काम बघायचं.
उजेडाच्या पेटीसमोर स्टुलावर बसून
पाच मिलीच्या बाटल्या उलट्यासुलट्या करायच्या.
तंतू दिसला, काळा ठिपका दिसला, की लाल ट्रेमध्ये.
मिनिटाला बावीस.
लेबलावर छापलेलं असतं : दोनशे कोटी जिवाणू.
कुट्टीसर म्हणतात, झोपलेत ते,
पोटात गेले की जागे होतात.
मला ते कधी दिसले नाहीत.
मला दिसतो फक्त कचरा.

मंगळवारी रात्री प्रणीलचं पोट सुटलं.
अकरा महिन्यांचं पोर, पहाटेपर्यंत नऊ वेळा.
लंगोट संपले. जुन्या ओढणीचे तुकडे केले,
तेही दोरीवर ओले.
नवरा कंटेनर घेऊन न्हावाशेव्याच्या रांगेत,
फोनवर म्हणाला,
अगं, तुमच्याच कंपनीचं ते दे ना.

होती एक बाटली, पर्समध्ये.
लेबल तिरकं लागलं म्हणून बाद झालेली,
मी गुपचूप उचललेली.
हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.
मान मोडली तिची, पाजली त्याला,
आणि उशाशी बसून राहिले
दोनशे कोटी जागे व्हायची वाट बघत.

दहावी वेळ.

अकरावी.

सकाळी दिघ्याच्या आरोग्य केंद्रात
डॉक्टर पागधरेंनी त्याच्या पोटाची कातडी
चिमटीत धरली, सोडली.
ती जागेवर जाईपर्यंत
माझी एक बाटली उलटी करून झाली असती.
शू कधी केली शेवटची?
आठवेना.
रात्रभर मी दुसरंच मोजत होते.

रिकामी बाटली पुढे केली. वाटलं, ओरडतील.
त्या म्हणाल्या,
हे दिलं तरी चालतं. कुणाचा एखादा दिवस वाचतो म्हणतात,
कुणाचा वाचत नाही.
याच्याबद्दल छातीवर हात ठेवून नाही सांगता येत मला.
पाण्याबद्दल येतं.
आणि हातात दिली ओआरएस कालवलेली लिटरची बाटली,
एक स्टीलचा चमचा.

मी चाखून बघितलं.
घामासारखं, जरा गोड.

चार तास त्या बाकावर.
चमचा. थांब. चमचा.
ओकला तर दहा मिनिटं जाऊ द्यायची, मग पुन्हा चमचा.
मधेमधे छातीशी.
शेजारी नातू घेऊन बसलेल्या हलिमाचाची विचारत होत्या,
दही नाही का चारलंस? आमच्याकडे रोज विरजण लागतं.
मला उगीच आठवलं,
विरजण दुधाला लागतं आणि आनंदावर पडतं,
शब्द तोच.
चमचा. थांब.
त्याचे डोळे खोल गेलेले, तरी चमच्यामागे फिरत होते.
तेवढ्यावर मी चमचा धरून होते.

बाराच्या सुमाराला
माझी मांडी गरम झाली.
आधी कळलंच नाही. मग ओरडले,
शू केली! याने शू केली!
अख्खं केंद्र वळून बघायला लागलं,
केसपेपरच्या रांगेतला एक दाढीवाला चक्क हसला.
ड्रेस बदलायला दुसरा नव्हता.
तसाच वाळू दिला अंगावर.

शुक्रवारी संध्याकाळी जुलाब थांबले.
कशाने थांबले, मला विचारू नका.
चमच्याने, झिंकच्या गोळीने, त्या चोरलेल्या बाटलीने,
की तीन दिवस उलटले म्हणून.
गोळी मात्र चालू आहे, चौदा दिवस म्हणाल्यात,
चमचाभर दुधात विरघळवून. आठ उरल्यात.

सोमवारी कुट्टीसर लाइनवर आले.
काय, फरक पडला ना आपल्या मालाने?
मी पुढची बाटली उचलली, उलटी केली, सुलटी केली,
उजेडासमोर धरली.
स्वच्छ होती.
तेवढंच सांगता येतं मला.